मागून पाहिलेला माणूस

त्याने काडी उजव्या हाताने ओढली आणि मुनिराच्या तोंडातला शेंगदाणा चावायचा राहूनच गेला. पडद्यावर धुकं होतं, धुक्यात दिव्याचा खांब होता, खांबाखाली टोपी कपाळावर ओढून तो उभा होता. सगळं पूर्वी होतं तसंच होतं, फक्त काडी उजव्या हातात होती. तिला वाटलं, असेल, माणूस कधी एखादी गोष्ट दुसऱ्या हाताने करतो. पण त्याने त्याच हाताने टोपी सारखी केली, त्याच हाताने दार ढकललं, आणि चहाच्या दुकानातल्या बाईने पुढे केलेला कपही त्याच हाताने घेतला, न बघता, सरावाने, सगळं जग घेतं तसा. मुनिरा या माणसाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखत होती. तो डावखुरा होता. तिच्या नवऱ्यासारखा, गुलामसारखा डावखुरा. गुलाम जाऊन दोन पावसाळे झाले होते, आणि आज मोखाड्याच्या बाजारात रॉकेलच्या पत्र्याच्या चिमण्या आणि डबे विकून झाल्यावर, मैदानातल्या तंबूवर तोच जुना टोपीवाल्याचा पिच्चर लागलाय असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती शेवटची जव्हारची एसटी सोडून आत शिरली होती ती याच माणसाला भेटायला. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. मुलगी अनीसा कुर्ल्याला दिलेली, घराला कुलूप. रात्री फागीच्या पाड्यावर टेकायचं, सकाळची गाडी धरायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"काय झालं गं बाय? खडा लागला का?" शेजारी बसलेल्या फागीने विचारलं. फागी पाड्यावरची, मुनिराच्या बरोबरीची, पूर्वी जव्हारला गवताचे भारे घेऊन यायची तेव्हापासूनची ओळख.

"हा तो नाही," मुनिरा म्हणाली.

"तोच हाय की. नाकाड तेच. मेला म्हातारासुदीक झाला नाही," फागी म्हणाली आणि तिच्या पदरातले शेंगदाणे उचलून खाऊ लागली.

नाक तेच होतं. चहावालीच्या गालावरचा तीळही तोच होता, पण तोही या गालावरून त्या गालावर गेला होता. दुकानाचं दार, जे लावलं की सगळी भिंत थरथरायची, ते या बाजूचं त्या बाजूला झालं होतं. त्या थरथरणाऱ्या भिंतीवर गुलाम फार हसायचा. म्हणायचा, अगं ती भिंत नाहीच, कापड आहे रंगवलेलं, आणि तो धूर इतका का सोडलाय सांगू, मागं दाखवायला गावच नाही त्यांच्याकडे. मोठी लढाई झाली ना विलायतेत, घरं पडली त्यांची, मग पिच्चर काढणारे तरी कुठून आणणार बंगले. एकच गल्ली आणि एकच मोटार, फिरवून फिरवून तीच दाखवतात. गुलाम पत्र्याचं काम करायचा, त्यामुळे कुठलीही वस्तू कशी जोडलीय हे त्याला आधी दिसायचं. मुनिराला तसलं काही दिसत नसे. तिला त्या गल्लीत एकटा चालणारा माणूस दिसायचा.

तेव्हा महाराष्ट्र नुकता झाला होता आणि जव्हारला भाताची झोडणी उरकली की हा तंबू यायचा. पुढच्या दाराने पुरुष आत जायचे आणि बायका मागून. मधे तो भलामोठा पांढरा कपडा. त्याच्यावर आधी पाणी मारायचे, म्हणजे चित्र आरपार उतरायचं, आणि मागे जमिनीवर सतरंजीचा तुकडा टाकून बायका बसायच्या. मोहल्ल्यातल्या बुरखे मागे टाकलेल्या, बाजारपेठेतल्या पदर सावरणाऱ्या, आणि पाड्यांवरच्या, पोरं पाठीला बांधलेल्या. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही जागी या सगळ्या एका सतरंजीवर बसल्या नसत्या. एकदा म्हणे हिंदी पिच्चरची पेटी एसटीतून आलीच नाही, आणि मालकाने मुंबईत भंगारात मिळालेला हा विलायती खुनाचा पिच्चर वेळ मारून न्यायला लावला. कुणाला अवाक्षर कळलं नाही, पण पोलीस होते, पाठलाग होता, लोक पुन्हा पुन्हा आले. सुरुवातीला अक्षरं यायची. मागून ती उलटी दिसत असणार, पण सुलटी असती तरी त्या सतरंजीवर ती वाचणारं कोण होतं. बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्याचं सोंग नाचत आलं की पोरालाही कळतं, हा देव आणि हा राक्षस. इथे सगळेच टोपीवाले. म्हणून बायकांनी आपली खूण शोधून काढली. चांगला माणूस डावखुरा. तो डाव्या हाताने काडी ओढतो, डाव्या हाताने लिहितो, आणि बिचाऱ्यावर खुनाचा आळ येतो. खरा खुनी दुसराच, गोड बोलणारा, त्याचा मित्र, तो आपल्यासारखा उजव्या हाताचा. शेवटी तो जाडा फौजदार दोघांना समोर उभं करतो, बोलता बोलता एकाच्या अंगावर किल्ल्यांचा जुडगा फेकतो, मग दुसऱ्याच्या. माणूस झेलताना विचार करत नाही, आपला हात आपोआप पुढे येतो. चांगला माणूस डाव्या हाताने झेलतो आणि सुटतो. खुनी उजव्याने झेलतो आणि सापडतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा फागी मोठ्याने म्हणाली होती, "डावा हात देवाचा गं बाय," आणि सगळ्या हसल्या होत्या, मुनिरा सोडून. मुनिराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कारण लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या हाताची किळस वाटायची. खरं ते खरं. पहिल्या दिवशी दस्तरखानावर गुलामचा डावा हात ताटाकडे निघाला आणि सासूने त्याच्यावर पळी मारली; इतक्या मोठ्या बाप्याने पळी खाऊन मुकाट हात बदलला. कामाला बसला की मात्र डावाच. त्याने लोहाराकडून मुद्दाम डाव्या हाताची कात्री घडवून घेतली होती, पत्रा कापायची, ती दुसऱ्या कुणाच्या हातात चालतच नसे. रात्री तो जवळ आला की तिला वाटायचं, हा हात अंगाला लागू नये. कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, नाचता येईना अंगण वाकडं. आणि मग एका थंडीत, ओल्या कपड्याच्या मागे बसून, तिने त्या टोपीवाल्याला डाव्या हाताने कप उचलताना पाहिलं. चहावालीने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, पोलीस बाहेर शिट्ट्या मारत होते आणि तिने हात सोडला नव्हता. त्या रात्री घरी आल्यावर मुनिराने गुलामचा हात तसाच धरला. त्यावर पत्र्याने कापल्याच्या जुन्या रेषा होत्या. दिवा मालवायचा तसाच राहिला. त्यांचा संसार खरा त्या दिवसापासून, बाकी निकाह वगैरे लोकांसाठी.

"फागे," ती आता म्हणाली, "आपण पाहिला तेव्हा हा डाव्या हाताने करायचा सगळं. आठवतं का?"

फागीने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "आपुन तवा मागं बसायचो गं. मागून उलटं दिसंल नाय तर काय. झऱ्यावर वाकून बघ, तुझा हा हात तिकडं जातो." आणि एवढं सांगून ती पुन्हा चित्रात रमली. तिच्यासाठी ती गोष्ट तेवढीच होती.

आता बायका पुढे बसत होत्या, मधे एक दोर बांधून. जग सुधारलं होतं. मुनिरा त्या सुधारलेल्या जगात बसून पाहत होती आणि पडद्यावर तो दुसरा आला, गोड बोलणारा मित्र. त्याने खिशातून रुमाल काढला. डाव्या हाताने. म्हणजे पुढे बसलेल्यांनी हे पाहिलं होतं. त्या सगळ्यांनी, दर खेळाला, हसत, विड्या ओढत, हेच पाहिलं होतं, की खुनी डावखुरा असतो.

सादिकशेठ गेला तो पुढे अशाच एका मोसमात, हाच पिच्चर पुन्हा लागला होता आणि तंबू अजून उठला नव्हता. रॉकेलचं दुकान होतं त्याचं, गुलामचे कंदील तोच ठेवायचा. आदल्या दिवशी दोघांची बाजारात जुंपली होती; शेठ म्हणाला कंदील गळतात, गुलाम म्हणाला रॉकेलमध्ये पाणी असेल तर माझा सांध्याचा डाग काय करील. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेठ दुकानामागच्या बोळात पडलेला सापडला, उजव्या कानशिलावर घाव, आणि पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. आणि पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळा बाजार एका दिवसात फौजदार झाला. घाव उजवीकडे, म्हणजे समोरून मारणारा डाव्या हाताचा. हे त्यांना कुणी शिकवलं होतं ते तिला आज कळत होतं. पडद्यावर तो जाडा फौजदार आत्ता तेच करत होता, लाकडी पट्टी हातात घेऊन आपल्या शिपायाच्या उजव्या कानशिलाला लावून दाखवत होता. मागच्या बायकांना ते कानशील डावं दिसलं होतं. त्यांच्या लेखी ते कुणाच्याही हाताचं काम होतं.

गुलामला चौकीवर नेलं, विचारपूस झाली, पुरावा नव्हता, सोडलं. पण बाजाराने सोडलं नाही. एकदा चहाच्या हॉटेलात तो बसला असताना अन्वर शिंप्याने मागून हाक मारली, "गुलामभाई, धर," आणि काडेपेटी फेकली. गुलामने ती डाव्या हाताने अलगद झेलली. तो घरी येऊन हे सांगत होता तेव्हा काडेपेटी त्याच्या हातातच होती. म्हणाला, मी झेलली आणि सगळं हॉटेल गप्प झालं, कुणाच्या बशीचाही आवाज नाही. आणि मुनिरा काय म्हणाली? मुनिरा आनंदली होती. तिला वाटलं, लोकांनी त्याची परीक्षा घेतली आणि तो खरा उतरला. "मग झालं तर," ती म्हणाली, "पिच्चरमधला तो बिचारा असाच सुटला ना? डाव्या हाताने झेललं म्हणूनच. तुम्हीपण सुटलात." गुलामने तिच्याकडे पाहिलं. मग काडेपेटी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाला, "हो. सुटलो." तिने त्याला गरम भाकरी वाढली. त्याने ती, सासू घरात नव्हती म्हणून, डाव्या हाताने खाल्ली.

पुढे वर्षानुवर्षं हेच. गावातल्या पुरुषांनी त्याला सलाम घालणं सोडलं. तो मोखाड्याच्या बाजाराला, पार वावर-वांगणीच्या पाड्यांपर्यंत चिमण्या खांद्यावर घेऊन हिंडू लागला. पण गावातल्या बायका परसदारी येऊन त्याच्याकडून गळकी भांडी डागून न्यायच्या, त्याला भाऊ म्हणायच्या, मुनिराला सांगायच्या, तुझ्या माणसाने नाही गं केलं, बघून कळतं. मुनिरा म्हणायची, बायकांना काळीज असतं. आता तोंडात शेंगदाण्याचा चोथा धरून ती विचार करत होती की काळीज कसलं डोंबलाचं, आम्ही फक्त कपड्याच्या मागे बसलो होतो. त्या पुढे बसल्या असत्या तर त्यांनीही भांडी दुसरीकडे दिली असती. आणि ती स्वतः? ती पुढे बसली असती तर?

इथपर्यंत आल्यावर तिला थांबता येईना. त्या दिवेलागणीला गुलाम उशिरा आला होता. आल्या आल्या न्हाणीत जाऊन हात धूत बसला. तसा तो रोजच बसायचा, डाग द्यायच्या तेजाबाचा वास जात नाही म्हणून. त्या दिवशी जास्त वेळ बसला का? तिला आठवेना. आठवायची कधी गरजच पडली नव्हती. कुठे होता, कुणाबरोबर होता, तिने विचारलं नव्हतं. इतर बायकांनी विचारलं असतं, रडल्या असत्या, पदर पसरून शपथा घातल्या असत्या. तिने एक शब्द विचारला नाही आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता. माझा विश्वास, माझा विश्वास. तो विश्वास मुळी गुलामवर नव्हताच, तो त्या टोपीवाल्यावर होता. हे मनात आलं आणि तिला तंबूत, इतक्या माणसांत, हंबरडा फोडावासा वाटला. फागीच्या खांद्याला तिचा खांदा लागत होता आणि तरी या गावात, या मुलखात तिच्याइतकं एकटं कुणी नसेल असं तिला वाटलं.

आणि तेव्हाच तिला तो दिवस आठवला. त्याच मोसमातला, शेठ जायच्या आधीचा. अनीसा घरी तापली होती, सासूने घाबरून बोलावणं धाडलं होतं, म्हणून पुढे पुरुषांत बसलेला गुलाम खेळ अर्धा सोडून मुनिराला बोलवायला तंबूच्या मागे आला. पुरुषाने मागे यायचं नाही; पण निरोप सांगायला तो आला, सतरंजीच्या कडेला उभा राहिला आणि हाक मारायची सोडून पडद्याकडे बघतच राहिला. बायका कुरकुरल्या. तिने वळून पाहिलं तर त्याच्या तोंडावर चित्राचा उजेड हलत होता आणि तो आपला डावा हात छातीशी थोडा वर धरून, एकदा हाताकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होता. तिला वाटलं होतं, त्यालाही आवडला हा माणूस. लाजली होती ती. तो पत्रा घासून आरशासारखा करणारा माणूस. उलटं काय आणि सुलटं काय हे त्याला कळायला किती वेळ लागणार. त्याने पुढून डावखुरा खुनी पाहिला होता, मागे येऊन डावखुरा निर्दोष पाहिला होता. त्याला त्या दिवसापासून ठाऊक होतं की आपली बायको काय बघते.

आणि तो बोलला नाही. काडेपेटीच्या दिवशी बोलला नाही. पुढे ती दर थंडीत, दर भांडणानंतर, दर अपमानानंतर, तेच तेच ऐकवायची, पिच्चरमधला तो बघा कसा सुटला. तो मान हलवायचा. शेवटच्या दुखण्यात, खाटेवर पडलेला असताना, ती त्याचा डावा हात चोळत म्हणाली होती, "हा हात खोटा नाही, मला माहीत आहे." त्याने डोळे मिटून घेतले. ओठ हलले. तिला वाटलं पाणी हवंय, तिने पाणी दिलं. त्याने ते प्यायलं. त्याला कदाचित पाणी नको होतं. त्याला कदाचित एवढंच हवं होतं की तिने एकदा, त्या टोपीवाल्याला बाजूला सारून, विचारावं. आणि तिने विचारावं याची भीतीही तेवढीच वाटत असेल. उलटं दिसलंय गं तुला, असं सांगितलं असतं तर तिच्याकडे त्याच्यासाठी काय उरलं असतं, हे त्याने कधी तपासून पाहिलं नाही. माणूस पंधरा-सोळा वर्षं घरात राहिला, जेवला, झोपला, आणि आपल्याला इथे कुणामुळे ठेवून घेतलंय हे मनात धरून राहिला. निर्दोष असेल तर ते किती वाईट. आणि नसेल तर? नसेल तरी ते वाईटच होतं, आणि याचंच तिला आश्चर्य वाटलं.

पडद्यावर जाडा फौजदार दोघांना खोलीत घेऊन आला. आता किल्ल्या. मुनिरा उठली.

"कठं चालली? आता तर मजा हाय," फागी म्हणाली.

"आलेच."

दोराखालून वाकून, पाय चुकवत, तंबूच्या कनातीला धरून ती मागे गेली. मागे आता कुणी बसत नसे. खुंट्या होत्या, दोर होते, भाताच्या पेंढ्याचा ढीग आणि थंडी. कपड्यावर हल्ली पाणी मारत नसत, त्यामुळे चित्र फिकट होतं, तरी होतं. ती भुईवरच बसली, पदर डोक्यावरून घेऊन, तेव्हा बसायची तशी. चहावालीचा तीळ आपल्या जागी परत आला होता. दार आपल्या बाजूला होतं. टोपीवाला भिंतीशी उभा होता, आणि त्याने घाम पुसला तो डाव्या हाताने. इतका ओळखीचा होता तो की तिला हाक मारावीशी वाटली.

तंबूचा एक माणूस दोर बघायला आला होता. तो म्हणाला, "मावशी, इथनं उलटं दिसतंय. पुढं जाऊन बसा की."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "त्यांनाही ठाऊक होतं."

त्याला काही कळलं नाही. तो कनात ओढून निघून गेला.

पिच्चर संपला की ती पुढे जाणार होती, फागीबरोबर पाड्यावर नागलीची भाकरी खाणार होती, उद्या कुलूप उघडून घरात शिरणार होती. घरात ती कात्री होती, जी कुणाच्याच हातात चालत नव्हती. त्या घरात एक वाक्य कधी बोललं गेलं नव्हतं. शेठ गेला त्या दिवशी नाही, चौकीवरून तो आला त्या दिवशी नाही, मयतीच्या दिवशीही नाही. तिने त्या फिकट चेहऱ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, जेवायला वाढू का असं विचारावं तशा आवाजात, विचारलं, "तुम्ही मारलं का हो त्याला?"

फौजदाराने जुडगा फेकला. टोपीवाल्याचा डावा हात आपोआप वर आला आणि किल्ल्या त्याच्या मुठीत बसल्या. मग दुसरा जुडगा गेला. पडद्यापलीकडे शिट्ट्या झाल्या, टाळ्या पडल्या. तिकडे डावखुरा सापडला होता.